मुक्कामी गाडी

"इंजिन बंद करा आधी. मंग ऐका," मामा म्हणाले.

नवऱ्याने किल्ली फिरवली. समोर नाला होता. डोंगराच्या अंगाने घसरत आलेला, रस्ता आडवा कापून पलीकडे चंद्रा नदीत कोसळणारा. त्यावर पूलबिल काही नाही. दुपारचे साडेचार वाजले होते. घरघर थांबली तसा पाण्याच्या खळखळाटाखालचा दुसरा आवाज वर आला. पोत्यातले नारळ एकमेकांवर आपटावेत तसा, दबका, थांबून थांबून येणारा.

"तळाशी धोंडे पळतायत," मामा म्हणाले.

"मामा, आपल्या गाडीला ६५० मिलिमीटर पाणी चालतं. कंपनीनेच लिहून दिलंय. हे फार तर गुडघाभर असेल."

"खोली कोण विचारतंय, जावईबापू? ओढ किती हाय ते बघा. समजा चाक एका धोंड्यावर चढलं आन् त्याच वक्ताला धोंडा निघाला फिरायला. मंग? कंपनीनं धोंड्याचं काय लिहून दिलंय?"

मी मागच्या सीटवरून नवऱ्याला त्याच्याच ऑफरोड क्लबाच्या नियमाची आठवण करून दिली. ज्या पाण्यातून आपल्याला चालत जाता येत नाही, त्यात गाडी घालायची नाही. पुण्यात सोफ्यावर बसून त्याने तो मला किमान दहा वेळा ऐकवला होता. तो उतरला, बूट काढले, पँट दुमडली, तीन पावलं आत गेला आणि चौथं न टाकता परत आला.

"गार आहे," एवढंच म्हणाला.

तिथे गाडी वळवायला जागा नव्हती. मामांनी मागे उभं राहून "येऊ द्या... येऊ द्या... जरा कापा... बास" करत बरंच अंतर उलटी घ्यायला लावली, मग एका रुंदट वळणावर फिरवली.

"मुक्काम," असं जाहीर करून ते सीटला रेलले. रात्रभर खेड्यात थांबून पहाटे तालुक्याला परतणारी एसटी म्हणजे मुक्कामी गाडी. अशा गाड्यांवर त्यांची निम्मी नोकरी गेली, त्यामुळे त्यांना यात हार-जीत काही वाटली नाही. नवऱ्याला वाटली. बातल येईपर्यंत तो एक शब्द बोलला नाही.

मामा म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ. एसटीत तेहतीस वर्षं चालक. आंबेनळी, वरंध, कुंभार्ली, कशेडी हे सगळे घाट आपल्या डाव्या पायात आहेत, असं ते म्हणतात. डावा पाय म्हणजे क्लचचा. नवरा सॉफ्टवेअरवाला. फोर-बाय-फोर घेतल्यापासून आमचे शनिवार-रविवार मुळशीकडच्या चिखलात जातात. एकेकाळी 'रेड द हिमालय' ही मोटारींची शर्यत हिमाचलातल्या याच लाहौल-स्पितीच्या दऱ्यांतून जायची. कॉलेजात असताना त्याने तिचे व्हिडिओ पाहिले आणि तेव्हापासून हे खूळ डोक्यात. मामांना बरोबर घ्यायची कल्पना माझी, तेव्हा दोघांच्या मधोमध बसायची शिक्षाही मलाच. दोघंही एकमेकांना 'अहो-जाहो' करतात. भाचजावयाला 'गाढवा' म्हणता येत नाही ही मामांची अडचण, आणि मामेसासऱ्याला 'गप्प बसा' म्हणता येत नाही ही नवऱ्याची. त्यामुळे सगळं भांडण फार सभ्य भाषेत चालतं आणि म्हणूनच लांबतं.

आम्ही शिमल्याच्या बाजूने आलो होतो. मनालीकडून स्पितीतलं काझा जवळ पडतं, पण त्या वाटेने एकाच दिवसात साडेचार हजार मीटर गाठावं लागतं आणि डोकं ठणकायला लागतं. किन्नौरमार्गे कल्पा, नाको, ताबो असे मुक्काम करत गेलं की शरीराला विरळ हवेची सवय होते. त्या सकाळी काझा सोडून लोसर, तिथून कुंझुम खिंड, मग वाट वाकडी करून चंद्रताल, आणि संध्याकाळी ग्राम्फू गाठून अटल बोगद्यातून मनाली, असा बेत. तळ्याकाठी नवऱ्याचे फोटो काढून संपेनात. दोन तास तिथे गेले आणि बेत नाल्यात गेला.

बातल म्हणजे गाव नव्हे. नदीवरचा पूल, दगडी भिंतींचे दोन-चार आडोसे आणि चाचा-चाचीचा ढाबा. उंची चार हजार मीटरच्या आसपास. बर्फात अडकलेल्या प्रवाशांना या ढाब्याने वर्षानुवर्षं जेवू घातलंय. जुलै २०२३ मध्ये अवेळी बर्फ पडून सुमारे ३०० पर्यटक वर चंद्रतालला अडकले होते, त्यांना काढायला कुंझुमवरचं बर्फ उपसावं लागलं. आम्ही गेलो ते ऑगस्टच्या शेवटी. बर्फ नव्हतं. थंडी मात्र पाच वाजताच दातांपर्यंत पोहोचली होती. राजमा-चावल आला आणि मामांनी तोंड उघडलं.

"एक विचारू का? रागावणार न्हाई ना?"

"विचारा की."

"नऊ दिवस झाले, तुम्ही ऑफरोड ऑफरोड म्हणताय. मी सकाळपास्नं किलोमीटरचे दगड बघतोय. पिवळ्या डोक्याचे. त्यावर लिवलंय एनएच ५०५. नॅशनल हायवे! हायवेला ऑफरोड म्हणायचं, तर आमच्या जावळी तालुक्यातल्या रस्त्याला काय म्हणायचं?"

"मामा, तो कागदावरचा हायवे."

"कागदावरचा असंना. त्या हायवेवरनं साधी बस जाती. पहाटे पाचला मी काझाच्या स्टँडवर चहा प्यायला गेलो होतो. हिमाचलची एसटी लागलेली. मागच्या दोन चाकांवर चालणारी, पाट्यांवर बसवलेली, आपल्या लालपरीची सख्खी बहीण. तिला ना तुमची ती वरची शिट्टी..."

"स्नॉर्केल. इंजिनाची हवेची नळी."

"तीच. ना विंच, ना चिखलाचे टायर. टपावर पोती, आत बायका-पोरं, एक कोंबडीपण होती. ड्रायव्हर पंचविशीतला पोरगा. त्याला मी विचारलं, नाला लगता है क्या? म्हणतो, सुबह नहीं लगता."

इथे नवरा ताठ बसला. बसचं उदाहरण ऑफरोडवाल्यांच्या वर्मी लागतं हे मला ठाऊक होतं. पण त्याच्याकडे उत्तर होतं आणि ते मला तरी पटलं.

"बस जाते, मान्य. पण कशी जाते? त्या ड्रायव्हरने हा रस्ता पाचशे वेळा केलाय. कुठला दगड कुठे आहे, तो कधी हलला, त्याला पाठ आहे. तुम्हाला आंबेनळी पाठ होता तसा. मी पहिल्यांदा येतोय. माझी स्नॉर्केल आणि चारही चाकांना संथ ताकद देणारं माझं फोर-लो म्हणजे मला जे ठाऊक नाही त्याची भरपाई आहे. तुम्ही अनुभव घेऊन येता, मी सामान घेऊन येतो."

मामांनी मान डोलावली. "हे बरं बोललात. पण मंग ज्याला ठाऊक न्हाई त्यानं ज्याला ठाऊक हाय त्याचं बघावं का न्हाई? ती बस पहाटे का सुटती?"

"मनालीला वेळेत पोहोचायला."

"बर्फ रात्री गोठतं म्हणून! दिवसभर ऊन लागलं की वरचं वितळतं, ते पाणी खाली यायला दुपार होती. चार-साडेचारला नाला भरात. रात्री पुन्हा गोठलं की सकाळी नाला पायाखाली. माझ्या लेखी बसचं टायमिंग साहेबानं न्हाई ठरवलेलं, ह्या नाल्यानं ठरवलंय. आन् तुम्ही ज्या वक्ताला फोटो काढत होता, त्या वक्ताला तुमचं टायमिंग चुकत होतं."

फलकावरचं वेळापत्रक नाल्याने ठरवलेलं असतं ही कल्पना माझ्या मनात कधी आली नव्हती. एसटीच्या प्रत्येक वेळेमागे असं काहीतरी असणार, कुठे शाळा, कुठे बाजार, कुठे फरशीवरून जाणारं पाणी. आपण मात्र फलकाखाली उभं राहून 'लेट आहे' एवढंच म्हणतो.

नवऱ्याने चहा मागवला. ग्लास दोन्ही हातांत धरून तो म्हणाला, "मामा, मला तुम्हाला वेगळंच सांगायचंय. पुण्यात मी गाडी चालवत नसतोच. हात स्टिअरिंगवर असतात, पण मी फोनवर असतो, नाहीतर मनातल्या मनात कुणाशी तरी भांडत असतो. इथे प्रत्येक धोंडा बघून चाक ठेवावं लागतं. कुठलं चाक वर जाणार, कुठलं लटकणार, पोट कशाला घासणार, आधी मनात चित्र काढायचं आणि मग क्लच सोडायचा. इथून ग्राम्फू पन्नास किलोमीटर, चार-पाच तास. तेवढा वेळ माझ्या डोक्यात दुसरं काही नसतं. तुम्ही म्हणता मजा मारायला आलाय. हो, मजाच. पण ही मजा मला दुसरीकडे मिळत नाही."

मामा बराच वेळ गप्प होते. बाहेर वाऱ्याने पत्र्याचा एक तुकडा वाजत होता.

"हे खरं हाय," ते म्हणाले. "मलापण घाटात असंच व्हायचं. घरची चिंता घाटाच्या पायथ्याला उतरायची आन् माथ्यावर नेमकी पुन्हा गाडीत बसायची. पण मला रोज व्हायचं, जावईबापू. आन् फुकटात न्हाई, वर पगार देत होते."

नवरा मोठ्याने हसला. मला वाटलं, मिटलं. पण मामांचं संपलं नव्हतं.

"फरक सांगू? तुमच्या डोक्यात दुसरं काही नसतं म्हणता. माझ्या डोक्यात पंचावन्न माणसं असायची. पहाटेची महाड गाडी, वरंधात धुकं. मागं आरशात बघितलं की सगळ्यांच्या माना एका बाजूला पडलेल्या. झोपलेली. एखादं वळण जास्त कापलं की दोन-चार माना उठायच्या. मी त्याच्यावरनं मोजायचो. घाट उतरेपातूर एकपण मान उठली न्हाई, तर त्या दिवशी गाडी चालवली. तुमच्या मागं तुमची बायको बसलीय. नऊ दिवसांत तिची झोप बघितली न्हाई मी."

हे मात्र खरं होतं. पण कुणाच्या बाजूने साक्ष द्यायची हे कळेना, म्हणून मी चाचींना लोणचं मागितलं.

"तिला झोपायचंच नसतं," नवरा म्हणाला. "इतकी सुंदर दरी बाहेर असताना कुणी झोपेल का?"

"डोळे मिटून देवाचं नाव घेत होती कुंझुमच्या उतारावर. मी बघितलं."

कुंझुमचं नाव निघालं आणि पारडं फिरलं. त्या उतारावर नवऱ्याने मामांना चकित केलं होतं, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. कुंझुम ४,५५१ मीटर. माथ्यावर देवीचं मंदिर, झेंड्यांच्या माळा. येणारी प्रत्येक गाडी मंदिराला प्रदक्षिणा घालूनच पुढे जाते. मामांनी आमच्याही गाडीला घालायला लावली आणि वर स्वतः उतरून चाकाला हात लावून नमस्कार केला. तिथे हवेतला प्राणवायू समुद्रकाठच्या साठ टक्क्यांच्याही खाली. माणसाला धाप लागते, तशी इंजिनालाही. टर्बो असलेली डिझेल गाडी हवा कोंबून घेते म्हणून तगते. मामांच्या उमेदीतल्या गाड्या इथे काळा धूर ओकत बसल्या असत्या, हे त्यांनीच सांगितलं. माथ्यावरून निघताना नवऱ्याने फोर-लो टाकलं, पहिला गिअर घातला आणि दोन्ही पाय उचलून मांडी घातल्यासारखे जवळ घेतले. गाडी आपोआप, मुंगीच्या चालीने, खडीवरून एकदाही न घसरता उतरत गेली. ब्रेकला पाय नाही.

"ते मात्र मानलं," मामा आता म्हणाले. "आम्हाला शिकवलेलं, ज्या गिअरात घाट चढलास त्याच गिअरात उतर. ब्रेकवर उतरलास की लायनर तापणार, जळका वास येणार, आन् तळाला पोचायच्या आधी ब्रेक पाणी होणार. पण आमचा पहिला गिअरसुदिक तुमच्या त्या... काय ते..."

"फोर-लो."

"त्याच्यापेक्षा पळायचा. माझ्या वक्ताला हे असतं तर माझा गुडघा आज शाबूत असता."

नवऱ्याला तेवढं पुरलं. तो उत्साहाने टायरमधल्या हवेचं सांगू लागला. पस्तीसची हवा पंचवीसवर आणली की टायर जमिनीवर पसरतो, धोंड्याला मिठी मारतो, दणके कमी बसतात. फार उतरवली तर बाजूची भिंत धोंड्याने चिरते, म्हणून बेताने. डांबर लागलं की पंपाने पुन्हा भरायची. मामा एसटीच्या टायरमधली शंभरेक पौंड हवा सांगून हसत होते, पण ऐकतही होते. मध्येच त्यांनी बोटाने टेबलावर खूण करून "म्हंजी उंटाच्या पायासारखं" असं विचारलं आणि नवऱ्याने ती उपमा क्लबात वापरायचं ठरवून टाकलं.

मग डांबराचा विषय निघाला आणि आतापर्यंतचं सगळं लटकं होतं असं वाटावं इतकं दोघं खरं बोलले.

"अजून काही वर्षांनी हे सगळं संपणार," नवरा म्हणाला. "सीमा सडकवाले आज ना उद्या इथेही डांबर आणतील. काझा ते लोसर बरंचसं झालंच आहे. अटल बोगदा झाल्यापासून लाहौलमध्ये बघा काय गर्दी आहे. ९ किलोमीटरचा बोगदा, ऑक्टोबर २०२० मध्ये उघडला आणि रोहतांगची चढण वाचली. दिल्लीहून शुक्रवारी रात्री निघून शनिवारी सिस्सूला बर्फात नाचायला लोक येतात. ही पन्नास किलोमीटरची वाट तेवढी उरलीय. इथे यायला काहीतरी लागतं."

"कुणाला उरलीय?"

"म्हणजे?"

"सकाळी लोसरला आपण थांबलो. ती माणसं पोत्यात काय भरत होती?"

"मटार."

"हिरवा मटार. कित्येक महिने बर्फाखाली गेल्यावर हातात येणारं मोठं नगदी पीक. तो खाली मंडईत ताजा पोचला तर भाव. नाल्याकाठी दोन दिवस उभा राहिला तर काय, तुम्हाला ठाऊक हाय. तुमची पन्नास किलोमीटरची मजा म्हंजी त्याचा दोन दिवसांचा मटार. बाळंतीण असली तर आणखी काय."

"मी डांबर करू नका असं कुठे म्हणालो? मला वाईट वाटतं, एवढंच म्हणालो. वाईट वाटायला परवानगी लागते का?"

जरा जोरात आलं ते. चाचींनी भांडी घासता घासता मान वर केली.

"न्हाई," मामा शांतपणे म्हणाले. "परवानगी न्हाई लागत. मी लहान असताना आमच्या गावात एसटी आली. त्याच्या आधी आजारी माणूस डोलीत घालून न्यायचे. पहिल्या गाडीला लोकांनी नारळ फोडला, ड्रायव्हरला फेटा बांधला. मी तेव्हाच ठरवलं ड्रायव्हर व्हायचं. फेट्यासाठी." ते थांबले. "आन् गेल्या दोन-तीन वर्षांतली गोष्ट सांगतो. कशेडीचा बोगदा झाला. २०२३च्या गणपतीला एक बाजू उघडली. पाऊण तासाचा घाट दहा-बारा मिनिटांवर आला. मी पुतण्याच्या गाडीतून खेडला चाललो होतो. पुतण्या बोगद्याकडे वळाय लागला. मी म्हणालो, घाटानं चल."

"का?"

"काय की. घाटात आमचा एक चहावाला होता. रात्री दोनलापण उठून चहा द्यायचा, सुट्टे नसले तर पुढच्या खेपेला घ्यायचा. गेलो तर टपरीला कुलूप. गाड्याच न्हाईत तर त्यानं थांबायचं कशाला? पुतण्या म्हणाला, काका, डिझेल फुकट गेलं. बरोबर बोलला तो."

बराच वेळ कोणी बोललं नाही. मला त्या कुलपाचं चित्र दिसत राहिलं. मटारवाल्याला डांबर हवंय यात शंका नाही. पण डांबर आल्यावर या ढाब्यावर रात्र काढायला कोण थांबेल, हेही त्याच वेळी मनात आलं, आणि ही दोन्ही वाक्यं एका पिशवीत ठेवायची कशी ते मला आजही जमलेलं नाही.

नवऱ्याने विषय बदलायचा म्हणून नदीत गाडी घालणाऱ्यांचा काढला. डिसेंबर २०२३ मध्ये लाहौलला एकाने वाहतूक कोंडी टाळायला चक्क चंद्रा नदीच्या पात्रातून गाडी हाकली होती. त्याचा व्हिडिओ देशभर फिरला आणि पोलिसांनी साडेतीन हजारांचं चलान फाडलं. "अशा लोकांमुळे आम्ही बदनाम होतो," नवरा म्हणाला. "चंद्रतालच्या वाटेवर बघितलंत? एक नीट वाट असताना शेजारी गवतावरून चार वाटा पाडल्यात. इथे गवत तीन महिने वाढतं. त्यावर एक चाक गेलं की वर्षानुवर्षं तो चरा भरत नाही. आमच्या क्लबात पहिला धडा हाच असतो. वाट असेल तीच धरायची, चिखल असला तरी बाजूने जायचं नाही. खरा ऑफरोडवाला वाट सोडत नाही."

"म्हंजी ऑफरोडवाला ऑफ रोड जात न्हाई."

"...हो."

"मंग नाव बदला."

यावर तिघंही हसलो. मग मामा उठता उठता म्हणाले, "त्याला साडेतीन हजार पडले. आज साडेचारला आपल्यालापण पडले असते. पोलीस नव्हते, एवढंच."

"मी घातली नाही ना गाडी?"

"न्हाई घातली. म्हणून तर जेवलो तुमच्या शेजारी बसून."

त्या रात्री ढाब्याच्या मागच्या खोलीत रजयांच्या ढिगाखाली मला झोप लागली नाही. विरळ हवेत डोळा लागतो आणि श्वास अडखळून जाग येते. प्रत्येक वेळी जाग आली की नदीचा आवाज ऐकू यायचा, आणि रात्र चढत गेली तसा तो उतरत गेला असं मला वाटलं. कदाचित मामांनी सांगितलं म्हणून वाटलं असेल.

पहाटे साडेपाचला मामा उठून बोनेट उघडून उभे होते. तेल बघितलं, कूलंट बघितलं, चारी चाकांना लाथ मारून झाली. नवरा हातात हवा मोजायचं यंत्र घेऊन आला, तर मामा म्हणाले, "चोवीस असंल." यंत्राने साडेचोवीस दाखवलं. त्या अर्ध्या पौंडावरून काय आनंद झाला असेल नवऱ्याला.

नाल्याकाठी पोहोचलो तेव्हा सूर्य शेंड्यांवर होता, दरीत सावली. काल जिथे पांढरा फेस होता तिथे आज तळाचे गोटे दिसत होते, कडेच्या दगडांवर पातळ बर्फाची काच. इंजिन बंद केलं. नारळांचा आवाज नव्हता.

नवऱ्याने बूट काढले आणि या वेळी पलीकडे जाऊन परत आला. पाणी पोटरीपर्यंत. कुठे खड्डा आहे, कुठला धोंडा चुकवायचा, ते तो मामांना हातवारे करून सांगत होता. मामा म्हणाले, "सरळ रेषेत कापू नका. वरच्या अंगानं शिरा, पाणी ढकलंल तसं थोडं खाली निघा. आन् मधे गिअरला हात लावायचा न्हाई, अॅक्सिलेटर सोडायचा न्हाई. भीती वाटली तरी."

"माहितीये, मामा. मधे पाय उचलला तर मागून सायलेन्सरमध्ये पाणी, आणि वेग जास्त झाला तर पुढून इंजिनात. एकदा का पाणी आत ओढलं की कनेक्टिंग रॉड वाकलाच."

"मंग तुम्हाला सगळं ठाऊक हाय. मला कशाला विचारताय?"

"विचारलं नाही. तुम्हीच सांगितलंत."

"तुम्ही चालवता का?" नवऱ्याने एकदम विचारलं, आणि किल्ली पुढे केली. नऊ दिवसांत पहिल्यांदा. मला वाटलं मामा घेतील. त्यांनी किल्लीकडे बघितलं, गाडीकडे बघितलं, मग पाण्याकडे.

"माझा डावा पाय रिटायर झाला," ते म्हणाले आणि मागे माझ्याशेजारी येऊन बसले. दार ओढून घेतलं आणि टपावर हात मारला. दोनदा. डबल बेल.

गाडी पाण्यात उतरली, डुगडुगली, एकदा तिरकी झाली, मग पलीकडे वर चढली. विंडशील्डवरून पाणी ओघळलं. कुणी काही बोललं नाही. त्या पुढचे दोन नाले तर नावालाच होते. छोटा दडा मागे पडलं. वाटेत नवऱ्याने एका उतारावर बाजूला थांबून खालून येणाऱ्या टेम्पोला वाट दिली, चढणाऱ्याचा हक्क आधी म्हणून, आणि टेम्पोवाल्याने हात वर केला. मामांनी ते बघितलं की नाही, कळलं नाही.

छत्रूच्या अलीकडे नवऱ्याने आरशातून मला खूण केली. मी शेजारी बघितलं. मामांची मान एका बाजूला पडली होती, तोंड किंचित उघडं. खडी, गोटे, खड्डे, सगळं खालून जात होतं. नवऱ्याचा चेहरा असा काही खुलला की मला त्याचा फोटो काढावासा वाटला. त्या आनंदातच त्याचं लक्ष समोरून सुटलं आणि पुढचं चाक धाडकन एका खड्ड्यात गेलं.

मान उठली.

"कुठं आलो?"

"ग्राम्फूकडे चाललोय, मामा."

"डांबर लागलं का?"

"नाही अजून."

"मंग ठीक," मामा म्हणाले, आणि पुन्हा डोळे मिटले.